पिपाणीची ताई

शिंप्याला दोन मुली. थोरली दिसायला अशी, की माप द्यायला आलेल्या बायका आरशात स्वतःकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहायच्या. धाकटी ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, पुढच्या दोन दातांत बोट जाईल एवढी फट. तिच्या जन्मानंतर आठवड्याभरात आई गेली आणि पाच वर्षांच्या थोरलीनं तिला कडेवर घेतलं, ते पुढं खाली ठेवायची वेळच आली नाही. धाकटी रडायला लागली की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. मुलं तोंडात धरून फुंकतात त्या खेळण्यासारखा आवाज, म्हणून बापानंच तिला नाव ठेवलं पिपाणी. थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणायची.

पिपाणीबद्दल पुढं पुष्कळ छापून आलं. ताईबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. ही हकिगत ताईची आहे.

ताई एकोणीस वर्षांची असताना सिनेमा बोलायला लागला. तोवर पडद्यावरची माणसं नुसतीच तोंडं हलवायची आणि खाली एक म्हातारा पेटी बडवायचा. आता एकदम सगळ्यांना गाणाऱ्या बायका हव्या झाल्या. गावाबाहेर बर्फाचा बंद पडलेला कारखाना होता. भिंती दोन हात जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही, म्हणून एका सिनेमाकंपनीच्या मालकानं तो घेऊन तिथं स्टुडिओ थाटला आणि जाहिरात दिली: दिसायला चांगली आणि गाता येणारी मुलगी पाहिजे.

ताई बरी गायची. म्हणजे घरात, काम करताना. दिसायची तर प्रश्नच नव्हता. अडचण एकच होती. चौकातल्या घड्याळवाल्याशी तिचं लग्न ठरलं होतं. त्यानं निरोप धाडला, "एक तर मी, नाहीतर सिनेमा." ताईनं दोन दिवस विचार केला आणि सिनेमा म्हटलं.

बापानं चाचणीसाठी तिला पोशाख शिवला. आयुष्यातलं सगळं कसब त्यात ओतलं. कडक रेशीम, त्यावर काचेचे मणी, एकेक हातानं लावलेला. ताई तो घालून उभी राहिली तेव्हा बाप दोन पावलं मागं सरकून बघत राहिला. सोबतीला म्हणून पिपाणीही निघाली. ती तेव्हा चौदाची, शाळेचे बूट घातलेली.

स्टुडिओत ताई आत शिरली तसे कामकरी हातातलं काम टाकून बघायला लागले. मालक खुर्चीत सरसावून बसला. कॅमेरा सुरू झाला, ताईनं गायला तोंड उघडलं आणि काचेच्या खोलीत बसलेल्या आवाजवाल्यानं हात वर करून सगळं थांबवलं.

"बाई कुठायत?" तो म्हणाला. "मला नुसता पोशाख ऐकू येतोय."

ताई श्वास घेई तेव्हा रेशीम कागदासारखं कुरकुरे आणि मणी एकमेकांवर आपटत. मग तिला आडोशाला नेऊन कुणाचा तरी जुना सुती झगा घातला. पुन्हा सुरू. या वेळी आवाजवाल्यानं कानावरचं यंत्रच काढून ठेवलं.

"आता बाई ऐकू आल्या," तो म्हणाला. "डब्यात कुणी चमचा फिरवल्यासारख्या."

सगळे हसले. ताईला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. तीच तसं म्हणाली. आवाजवाल्याला ते झोंबलं. तो बाहेर आला आणि बाकावर पाय हलवत बसलेल्या पिपाणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ए पोरी, तू म्हण काहीतरी. यंत्र बिघडलंय की काय ते बघू."

पिपाणीनं ताईकडे बघितलं. ताईनं मान डोलावली. मग पिपाणी बुटांसकट तिथं उभी राहिली आणि ताई तिला झोपवताना म्हणायची तेच गाणं तिनं म्हटलं. गल्लीला नकोसा झालेला तो टोकदार आवाज यंत्रात शिरला आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याची सगळी टोकं आतच राहिली. बाहेर आली ती एक सरळ, लखलखीत रेघ. आवाजवाल्यानं शेवटपर्यंत थांबवलं नाही.

मालक उठून आला. त्यानं एकदा पिपाणीकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला.

"देवानं या दोघी बनवताना सामानाची सरमिसळ केली," तो म्हणाला. "सगळं एकीलाच दिलं असतं तर माझं काम झालं असतं की हो."

पुन्हा हशा पिकला. पिपाणीही हसली. तिला काही कळलं नव्हतं, सगळे हसले म्हणून ती हसली. पण ते हसू ताईच्या डोक्यात जाऊन बसलं.

परतताना पिपाणी म्हणाली, "ताई, मी त्यांना नाही सांगते."

"वेडी आहेस का?" ताई म्हणाली. "बाबांना काय वाटेल?"

बापाला आनंदच झाला. "दोघींतली एक तरी लागली," तो म्हणाला आणि मण्यांचा पोशाख उसवायला बसला. मणी पुन्हा वापरता येणार होते. घड्याळवाल्यानं महिन्याच्या आत औषधाच्या दुकानदाराच्या बहिणीशी लग्न उरकलं. ताई त्याच्याकडे बोलायला गेली होती. त्यानं डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडलं होतं. ते भिंग न काढताच तो म्हणाला, "काही दुरुस्तीला आणलंय का?"

मुलीबरोबर घरचं बाईमाणूस हवं, म्हणून स्टुडिओनं ताईला पिपाणीच्या सोबतीला ठेवलं. तिचे कपडे, तिचे केस, तिचं खाणंपिणं, तिचा गळा. फाटकावरच्या वहीत ताईच्या नावापुढं लिहिलं गेलं: मदतनीस.

त्या काळी सिनेमातलं गाणं म्हणजे शिक्षा होती. आवाज नको म्हणून पंखे बंद, दारं बंद, वर दिवे असे की रंगवलेला चेहरा हनुवटीवरून ओघळायचा. माइक फुलदाणीत लपवलेला. पिपाणीनं गायचं फुलदाणीकडे आणि प्रेमानं बघायचं नायकाकडे. वाजवणारे पुठ्ठ्याच्या झुडपांमागं दाटीवाटीनं बसलेले, एक जण खोट्या विहिरीत. चार मिनिटांचं गाणं एका दमात व्हायला हवं. चौथ्या मिनिटाला विहिरीतला शिंकला की पुन्हा पहिल्यापासून.

पिपाणीच्या चेहऱ्याचं काय करायचं हा दिग्दर्शकापुढं पेच होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी तिला वेलींच्या आड उभं केलं, हातपंख्याआड, जाळीआड, नाहीतर इतकं लांब की ती मुंगीएवढी दिसावी. "तुझ्या तोंडापुढं मी एवढी झाडं लावलीत," ते म्हणायचे, "की एक जंगल झालं असतं." पिपाणी हसायची. घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "मास्तर बोलतात ते तुझ्या भल्यासाठी."

पण लोकांना झाडांशी देणंघेणं नव्हतं. तो आवाज ऐकायला माणसं सात-सात वेळा तिकिटं काढायची. न्हाव्याच्या दुकानात, धोब्याच्या घाटावर, शाळेच्या मैदानात तीच गाणी. मुली जळक्या काडीनं दात काळे करून पिपाणीसारखी फट पाडून घ्यायच्या. भिंतीवरच्या जाहिरातींवर स्टुडिओनं तिला झोकदार नाव दिलं होतं, पण घरचं नाव कुठून तरी फुटलं आणि अख्खा मुलूख तिला पिपाणीच म्हणू लागला.

एकदा नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला दोघी गाडीतून उतरल्या. ताई आधी उतरली. गर्दीनं तिला बघितलं, एक आरोळी झाली आणि फुलांचा वर्षाव तिच्यावर. कुणीतरी तिचा हात धरून कपाळाला लावला. चार-पाच क्षणच. मग मागून एक जण ओरडला, "अरे ही नव्हे! ती मागची, जाडी!" आणि सगळी गर्दी ताईला कोपरानं ढकलून पुढं गेली. त्या संध्याकाळी दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. दोघींचा अपमान एकाच वाक्यात झाला होता आणि तो वाटून घेता येत नव्हता.

पिपाणीच्या सिनेमातल्या पोशाखांना पाठीवर अकरा हूक असायचे. ते लावायचं काम ताईचं. पोटातून श्वास घ्यायला जागा हवी, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. तरी एके दिवशी तिनं कापड दोन बोटं जास्त ओढलं. "बारीक दिसशील," ती म्हणाली. सातव्यांदा गाणं घेताना पिपाणी फुलदाणीवर कोसळली. मास्तर ओरडले, "जेवण कमी करा हिचं!" ताईनं ओल्या टॉवेलनं तिचं तोंड पुसलं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं हूक तेवढेच ओढले.

स्टुडिओतल्या सातव्या वर्षी फिडलवाला आला. एका पायानं अधू, तो पाय सरळ ठेवूनच बसावं लागे, त्यामुळं पुठ्ठ्याच्या झुडपातून त्याचा बूट बाहेर यायचा आणि मास्तर शिव्या घालायचे. माणूस साधा, बोलणं कमी. पिपाणी गाताना दमली की तो आपली तान लांबवून तिला श्वास घ्यायला जागा करून द्यायचा. हे फक्त तिघांना कळायचं: त्याला, तिला आणि ताईला.

एका रविवारी दुपारी तो घरी आला. कॉलर इस्त्रीची, हातात टोपी. पिपाणी ग्रामोफोनच्या तबकडीवाल्यांकडे गाणं द्यायला गेली होती. बाप आतल्या खोलीत. त्याची नजर एव्हाना गेल्यातच जमा होती.

"तुमच्या बहिणीबद्दल बोलायचं होतं," फिडलवाला म्हणाला. "वडील आहेत का?"

"झोपलेत," ताई म्हणाली. तिनं त्याला चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं. किती पगार, आई कुठं असते, पाय कशानं गेला. त्यानं सगळं सांगितलं. "घरात विचारून कळवते," ती म्हणाली आणि दारापर्यंत पोचवायला गेली.

पिपाणी आली तेव्हा ताई भांडी विसळत होती.

"फिडलवाला येऊन गेला," ती पाठमोरीच म्हणाली.

"काय म्हणाला?" पिपाणीचा आवाज एवढा उजळला की ताईनं मागं वळून बघितलं. आणि तो चेहरा बघूनच तिच्या तोंडून ते निघालं. आधी ठरवलं होतं असं तिला कधीच म्हणता आलं नाही आणि ठरवलं नव्हतं असंही.

"मला मागणी घालायला आला होता."

पिपाणी हात धुवायला लागली. धुतलेले हात पुन्हा धुतले.

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? सव्वीस पुरी झाली मला. घड्याळवाल्यानंतर कुणी दारात उभं राहिलंय का?" ताई म्हणाली. "कुणामुळं राहिलं नाही ते जाऊ दे."

हे शेवटचं वाक्य तिनं सात वर्षं जपून ठेवलं होतं. ते बरोबर लागलं.

"मग हो म्हण," पिपाणी म्हणाली.

दोन दिवसांनी स्टुडिओत जेवणाच्या सुट्टीत पिपाणी त्या झुडपामागं गेली. ताई लांबून बघत होती. फिडलवाला आधी हसला, मग त्यानं नाही अशी मान हलवली, मग पुन्हा जोरात हलवली. मग तो उठून, पाय ओढत, सरळ ताईसमोर आला.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं?" त्यानं विचारलं. आवाज चढवून नाही, जाणून घ्यायचं असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर वेगळा माणूस होता. फिडलवाला बंदराकडं गेला, कुठल्याशा बोटीवर वाजवतो, एवढंच कळलं. पिपाणीनं त्या दिवशी विरहाचं गाणं एका दमात दिलं. मास्तरांनी डोळे पुसले. "हे असं रोज का जमत नाही?" ते म्हणाले.

ताई वाट बघत राहिली, आज ना उद्या पिपाणी विचारेल. पिपाणीनं काही विचारलं नाही.

नवव्या वर्षी नवी सोय आली. गाणं आधी बंद खोलीत नोंदवून ठेवायचं आणि नंतर ते वाजवून त्यावर दुसऱ्याच कुणी ओठ हलवायचे. मालक त्या दिवशी लहान मुलासारखा खूश होता. त्यानं दातांच्या डॉक्टरची मुलगी आणली. गोरी, नाजूक, हसली की मोत्यांची सरळ ओळ. तिला सगळे बाहुली म्हणू लागले. बाहुलीला दोन शब्द सुरात म्हणता येत नव्हते, आणि आता ते यायची गरजही नव्हती.

"आवाज तुझा, चेहरा हिचा," मालक पिपाणीला म्हणाला. "शेवटी सामान एका जागी आलं बघ." अट एकच होती. पिपाणीनं यापुढं चारचौघांत गायचं नाही आणि हे कुणाला सांगायचं नाही. लोकांना वाटलं पाहिजे, बाहुलीच गाते.

मग त्याची नजर मागं उभ्या असलेल्या ताईकडे गेली. त्यानं तिला नखशिखांत न्याहाळलं. ताई अठ्ठावीस वर्षांची होती, दिव्यांच्या धगीत उभी राहून कातडी सुकली होती.

"ही सोय तेव्हा असती," तो म्हणाला, "तर…" आणि वाक्य अर्धं सोडून तो बाहुलीच्या बापाशी बोलायला निघून गेला.

ते अर्धं वाक्य ताईनं पुढं रोज पुरं केलं. तेव्हा असती तर आवाज पिपाणीचा आणि चेहरा तिचा. दोघी बहिणी, एकाच सिनेमात. नऊ वर्षांचा फरक, बस.

बाहुलीचे सिनेमे पिपाणीच्या सिनेमांपेक्षा जास्त चालले. एकदा दोघी चपलांच्या दुकानात बसल्या होत्या, पिपाणीच्या डोक्याला रुमाल. शेजारची एक बाई दुकानदाराला सांगत होती, "बाहुलीचं नवं गाणं ऐकलंत? मध आहे हो मध! नाहीतर ती पिपाणी. कान किटायचे बाई. लोक कसे ऐकायचे कोण जाणे." मग ती सहज ताईकडे वळली. "हो की नाही?"

पिपाणी खाली मान घालून पायात चप्पल सरकवत होती.

"अगदी खरं," ताई म्हणाली. "आम्ही तर खिडक्या लावून घ्यायचो."

अशी सहा वर्षं गेली. बाप वारला. पिपाणी खिडकी नसलेल्या खोलीत स्टुलावर बसून गायची आणि मागच्या दारानं घरी यायची. स्टुडिओतल्या पंधराव्या वर्षी तिच्या घशात दुखायला लागलं. डॉक्टरनं आरसा घालून बघितलं आणि म्हणाला, "गाठ आहे. सहा महिने गाणं नाही, बोलणंसुद्धा नाही. नाहीतर मी जबाबदार नाही."

स्टुडिओत तीन गाणी बाकी होती. मालक घरी आला. "तीनच," तो म्हणाला. "मग सहा महिने काय, वर्षभर झोपा." पिपाणीला बोलायची बंदी, म्हणून ती पाटीवर लिहायची. तिनं पाटीवर लिहिलं आणि ती मालकाला न दाखवता ताईला दाखवली. पाटीवर लिहिलं होतं: तू ठरव.

ताई त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. नाही म्हणणं किती सोपं होतं, हे तिला पुढं आयुष्यभर आठवत राहिलं. मालक चडफडला असता, बाहुलीचा सिनेमा लांबला असता, बस.

"गाईल ती," ताई म्हणाली.

पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात वरचा सूर लावताना आवाज फाटला. शिंप्याच्या मुलींना तो आवाज चांगला ठाऊक होता. कापडाला कात्रीचं टोक लावून दोन्ही हातांनी टरकावतात तसा. आवाजवाल्यानं काचेआड कानावरचं यंत्र काढलं, नीट बाजूला ठेवलं आणि दिवा बंद केला.

शस्त्रक्रियेनंतर पिपाणीजवळ उरली ती नुसती कुजबुज. शेजारच्या खोलीतही ऐकू न जाणारी. स्टुलावर पंधरा वर्षांची एक नवी मुलगी येऊन बसली. स्टुडिओकडून निरोपाची भेट आली: चौकटीत लावलेला बाहुलीचा मोठा फोटो, खाली तिची सही, "माझ्या लाडक्या मैत्रिणीला." पिपाणीनं तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. ताईनं खिळा ठोकून तो बैठकीच्या खोलीत लावला. "चांगली चौकट आहे," ती म्हणाली.

त्यानंतर सात वर्षं त्या दोन खोल्यांत दोघीच. ताई बापाच्या मशीनवर शिवण करायची. पिपाणी खिडकीत बसायची. तिला काही हवं असलं की ती चमच्यानं पेला वाजवायची आणि ताई मशीन थांबवून उठायची. भांडण कधी झालं नाही. कुजबुजीशी भांडणार कसं?

आणि मग एक दिवस जाहिरात दिसली. चौकातल्या थिएटरात दुपारच्या खेळाला जुने सिनेमे, त्यात पिपाणीचा पहिलाच. पिपाणीनं पाटी काढली. लिहिलं: जाऊ या.

थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. कॉलेजातली पोरं, सुट्टीवरचे कारकून. पहिल्या गाण्याला पिपाणी वेलींच्या जंगलातून डोकावली आणि मागून एक जण म्हणाला, "अहो माळीबुवा, जरा छाटणी करा!" लोक हसले. तिनं फुलदाणीकडे वाकून नायकाकडे डोळे फिरवले तसा दुसरा ओरडला, "अगं, लग्न कुणाशी करायचंय, त्याच्याशी की भांड्याशी?" थिएटर दणाणलं. घासलेल्या फितीतून आवाज खरखरत येत होता, त्यातला तो लखलखीतपणा कुठंच नव्हता.

ताईला हसू आलं. तिनं ओठ दाबून धरले, मग तोंडावर रुमाल धरला, पण ते थांबेना. बावीस वर्षांचं कुठं अडकलेलं होतं कोण जाणे, ती पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आजूबाजूचे तिच्याकडे बघून अजून हसले. शेजारच्या खुर्चीत पिपाणी पडद्याकडे तोंड करून ताठ बसली होती. सिनेमा संपेपर्यंत हलली नाही.

घरी आल्यावर तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि कुजबुजली, "मजा आली ना तुला?"

ताईचं हसू तोवर ओसरलं होतं आणि त्याजागी एक भीती येऊन बसली होती. माणूस भ्यालं की कधी कधी खरं बोलतं.

"तो फिडलवाला," ती म्हणाली, "माझ्यासाठी नव्हता आला. तुझ्यासाठी आला होता. मी खोटं बोलले."

तिला वाटलं, आता पिपाणी रडेल, अंगावर धावून येईल, पेला फेकून मारेल. काय वाटेल ते सोसायची तिची तयारी होती. पंधरा वर्षं ती त्याच तयारीत होती.

पिपाणीनं आपल्या खुर्चीची उशी सारखी केली आणि बसली.

"माहीत आहे मला," ती कुजबुजली. "त्यानं मला तिथंच सांगितलं. झुडपामागं."

ताईला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ती जवळ गेली.

"मग तू… मग त्याला जाऊ कसा दिलास?"

"मालकानं लग्न झालेली नटी ठेवली असती? मला पडद्यावर राहायचं होतं. त्याला नाही म्हणायला मला काहीतरी कारण हवंच होतं. ते तू दिलंस." प्रत्येक वाक्यानंतर तिला थांबून श्वास घ्यावा लागत होता. "त्याला म्हटलं, ताईला दुखवून मी सुखी होणार नाही. डोळे भरून आले बिचाऱ्याचे. मलाच देवी समजून गेला."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. तुझी तू मोकळी." पिपाणीनं तिच्याकडे बघितलं, दातांतली फट दिसेल असं हसली. "तू माझं वाटोळं केलंस असं तुला वाटत राहिलं, म्हणून तर राहिलीस. इतकी चांगली मोलकरीण मला कुठं मिळाली असती, ताई?"

"आणि पाटी? तू ठरव म्हणालीस ती?"

"मला वाटलं, त्यात तरी तू नाही म्हणशील," पिपाणी म्हणाली. एवढं बोलून तिनं खिडकीकडे तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं कपड्यांची एक पेटी भरली. मशीन जड होतं, ते ठेवलं. जिना उतरताना वरून काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, चमचा पेल्यावर आपटल्याचा आवाजही असेल. ती थांबली नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इस्पितळाच्या शिवणखोलीत तिला काम लागलं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट. बारा बायका एका रांगेत. त्यांतली एक अधूनमधून पिपाणीचं जुनं गाणं गुणगुणायची, तेही सपशेल चुकीच्या चालीत. ताईनं एकदाही तिला सुधारलं नाही.

दोन वर्षांनी निरोप आला, पिपाणी आजारी आहे. ताईनं तो निरोप तीन आठवडे पिशवीत ठेवला. मग एका रविवारी, केस नीट विंचरून, ती गेली. रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत होती. पहिलं वाक्य तिला जमलंही होतं.

दार एका अनोळखी बाईनं उघडलं. घर स्वच्छ होतं. पिपाणी पलंगावर उशांना टेकून बसली होती, वाळलेली, पण केस छान बांधलेले. त्या बाईनं विचारलं, "कोण आल्यात?"

पिपाणीनं ताईला निरखून बघितलं. मग त्या बाईला जवळ बोलावून कुजबुजली, पण ताईला ऐकू जाईल एवढं: "ही होय? पूर्वी माझ्याकडे कामाला होती."

ताईला बसायला स्टूल मिळालं. चहा मिळाला. ठरवलेलं वाक्य तिनं बोलायला घेतलं नाही. पिपाणीनं डोळे मिटून घेतले होते, झोप लागली होती की नाही कळत नव्हतं. कप रिकामा झाल्यावर ताई उठली. ती बाई सोडायला दारापर्यंत आली, भली होती बिचारी.

"किती वर्षं होतात यांच्याकडे?" तिनं विचारलं.

"बावीस," ताई म्हणाली.

"बापरे! मग सांभाळून घेणाऱ्या असतील बाई."

"हो," ताई म्हणाली आणि कठडा धरून जिना उतरायला लागली. पुढच्या महिन्यात पिपाणी गेल्याचं तिला शिवणखोलीत कळलं, वर्तमानपत्रातून, तेही एका बाईनं मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणून. मागं नात्याचं कुणी नाही, असं त्यात छापलं होतं. ताईनं सुईत दोरा ओवला आणि हातातला अभ्रा पुरा केला.